पोह्याच्या गाड्यावर, हाफपँटमध्ये

ताई, सप्रेम नमस्कार.
माझं वय ५४. नागपुरात प्रतापनगरला राहते. रोज पहाटे मी, माझ्या दोन मैत्रिणी आणि माझी २७ वर्षांची मुलगी फुटाळा तलावावर फिरायला जायचो. रविवारी फिरून झालं की तर्री पोहे, हा आमचा नेम. मे महिन्यात एका रविवारी आमच्या शेजारी एक मुलगी प्लेट घेऊन उभी होती. पंचविशीची असेल, अंगानं बरीच भरलेली, आणि घातली होती गुडघ्याच्या वर येणारी घट्ट हाफपँट. मी मैत्रिणीला म्हटलं, मला वाटलं हळूच म्हटलं, 'एवढ्या मांड्या अन् हाफपँट! घरी आरसा नाही का वो हिच्या?' तिनं ऐकलं. अर्धी प्लेट खाली ठेवली, पैसे दिले आणि निघून गेली. माझी मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं फिरायला येणं बंद केलं. तीन आठवडे मी विचारत राहिले, तेव्हा एवढंच म्हणाली, 'आई, तू तिला नाही बोललीस, मला बोललीस.' माझी मुलगीही अंगानं थोडी जास्तच आहे. पण मी तिला कधी टाकून बोलले नाही. उलट सगळं तिच्या भल्यासाठीच करते. मागच्या दिवाळीत मामेबहिणीच्या लग्नासाठी इतका महाग अनारकली घेतला, एक साइज कमीचाच घेतला, म्हटलं त्या निमित्तानं तरी वजन उतरवेल. तो अजून लेबलासकट कपाटात आहे. मला सांगा, सार्वजनिक जागी काही रीतभात नको का? मी खरं तेच बोलले ना? आणि मुलीला पुन्हा बोलतं कसं करू?
– एक आई, प्रतापनगर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमचा राग आला, हे खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना शेवटून पाचव्या-सहाव्या वाक्यातला तो अनारकली दिसला, आणि मग राग जाऊन दुसरंच काहीतरी वाटलं. त्या अनारकलीकडे मी येतेच. आधी पोह्यांचं मिटवू.

तुम्ही रीतभातीचं विचारता. कपड्याला जागा असते, हे मलाही मान्य आहे. कुणाच्या दहाव्याला चमकीची साडी नेसून गेलं तर लोक बघणार, आणि त्यांनी बघावंही. कोर्टात, परीक्षेच्या हॉलमध्ये, देवळात आपण जागा बघूनच कपडे घालतो. २०२३च्या मे महिन्यात मंदिर महासंघानं आपल्याच नागपूर आणि आसपासच्या चार मंदिरांत वस्त्रसंहिता लावली, तेव्हा त्यावर भरपूर वाद झाला. मला स्वतःला तो निर्णय फारसा पटला नाही. तरी एक गोष्ट त्यात होती. नियम करणारे समोर होते, आणि नियम बाहेर फलकावर लिहिला होता, सगळ्यांना सारखा. बारीकांना वेगळा, जाडांना वेगळा, असा काही तो फलक नव्हता.

पोह्याच्या गाड्याला फलक नसतो. तिथला एकच नियम मला ठाऊक आहे, सांडलेल्या तर्रीत चप्पल घालू नये. सकाळी सात वाजता घामाघूम होऊन आलेली माणसं उभ्यानं खातात, वर अजून थोडी तर्री मागून घेतात, बोटं चाटतात आणि जातात. तिथे रीतभात कसली सांभाळायची?

तुम्ही म्हणाल, तरी अंग झाकावं, एवढं तर आहे ना. मग एक करून बघा. डोळे मिटा आणि त्याच गाड्यासमोर तीच हाफपँट घातलेली दुसरी मुलगी उभी करा, पन्नास किलोची, पाय शेवग्याच्या शेंगेसारखे. तुम्ही बोलला असता का? फार तर 'आजकालच्या पोरी' म्हणून मान हलवली असती, आणि प्लेट पुढे केली असती. 'आरसा' हा शब्द आला नसता. तुम्ही कपड्याचं नाव घेतलंत, पण बोललात ते मांड्यांना. तुमचं वाक्यच बघा ना, त्यात हाफपँटच्या आधी मांड्या आल्या आहेत.

आता त्याच गाड्यासमोर तिसरं माणूस उभं करू. साठीचे काका, बर्मुडा आणि बनियन, पोट बर्मुड्याच्या नाडीवरून उतरून प्लेटच्या काठाला टेकलेलं. असे काका त्या रविवारीही तिथे होतेच, मी पैज लावते. तुम्हाला ते आठवतात का? नाही आठवणार, कारण ते दिसतच नाहीत. अहो, आपलं नागपूर असं गाव आहे, जिथे १९२५पासून थेट २०१६च्या दसऱ्यापर्यंत चांगली प्रौढ, पोट सुटलेली, नातवंडं असलेली माणसं खाकी हाफपँट घालून रस्त्यानं संचलन करत गेली. लोकांनी त्यांच्यावर फुलं टाकली. कुणाला विचारसरणी पटली नसेल, पण 'या वयात, या पोटऱ्यांना हाफपँट शोभते का' असं कुठल्या काकूनं गच्चीवरून म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. २०१६ साली त्यांनी फुलपँट घेतली, तीही मांड्यांना कुणी नावं ठेवली म्हणून नव्हे.

आणि आपल्या बायकांचं म्हणाल, तर पूर्व विदर्भात रोवणीला जाऊन बघा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलात उतरलेल्या बाया लुगडं गुडघ्याच्या वर खोचून दिवसभर वाकलेल्या असतात. माझी आजी अशीच उतरायची. नऊवारीचा काष्टा घातला की पोटऱ्या उघड्याच असतात, आणि तो पोशाख आज आपण 'पारंपरिक' म्हणून गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मिरवतो. पाय दिसण्याचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते पाय कुणाचे आणि केवढे, याचं.

तिनं हाफपँट का घातली असेल, हे तुम्हाला खरंच ठाऊक नाही का? मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मांड्या एकमेकींना भेटतात. तुमच्या भेटत नसतील तर सांगते. नागपूरचा मे, सकाळी साडेसहालाच कपाळ ओलं. त्यात चार किलोमीटर चाललं की मांडीला मांडी घासते. सलवार असेल तर तिची आतली शिवण घामानं भिजते आणि करवतीसारखी चालते. घरी येऊन बघावं तर दोन्हीकडे लाल सोलवटलेलं, वर आंघोळीचं पाणी पडलं की डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्या दिवशी पाय फाकवून चालावं लागतं आणि घरातले विचारतात, काय झालं. त्यावर उपाय म्हणजे पावडर, खोबरेल तेल, नाही तर घट्ट, अंगाला चिकटून राहणारी हाफपँट, जी वर सरकत नाही आणि दोन मांड्यांच्या मध्ये पडदा धरते. म्हणजे तुम्हाला जी निर्लज्जपणाची खूण वाटली ती बहुतेक चालता यावं म्हणून केलेली सोय होती. बारीक मुलीला ती हाफपँट हौस म्हणून लागते, हिला गरज म्हणून.

'मी खरं तेच बोलले ना?' असं तुम्ही विचारलंय. ताई, तिच्या मांड्या मोठ्या आहेत ही बातमी तिला तुमच्याकडून कळली असं तुम्हाला वाटतं का? ती त्या मांड्यांसोबत पंचवीस वर्षं राहतेय. शाळेच्या बाकावर, ऑटोच्या तिसऱ्या सीटवर, दुकानाच्या ट्रायल रूममध्ये, लग्नाच्या बायोडेटात, सगळीकडे तिला ती बातमी मिळालेली आहे. तुम्ही फक्त तिला हे कळवलंत, की सकाळी सात वाजता फुटाळ्याच्या काठावरसुद्धा तिला सुट्टी नाही.

तब्येतीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे पत्र वाचून दहा जण तेच म्हणणार आहेत, 'अहो पण लठ्ठपणा चांगला असतो का?' नसतो. त्यांना सांगते. बीएमआय म्हणून उंची-वजनावरून काढलेला जो आकडा सगळे तोंडावर फेकतात, त्याचं सूत्र १८३०च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं काढलं, आणि ते समाजाची सरासरी काढायला होतं, पोह्याच्या गाड्यावर एका पोरीचा निकाल लावायला नव्हे. डॉक्टर लोक भारतीयांसाठी बीएमआयची रेषा युरोपियनांपेक्षा खाली धरतात, २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर-बीपीकडे लक्ष द्या म्हणतात. हे सगळं खरं आहे आणि ते डॉक्टरच्या खोलीत, दार लावून बोलायचं असतं. थायरॉइड, पीसीओडी, बाळंतपण, औषधं, आई-बापाकडून आलेली ठेवण, यातलं काय कुणाच्या वाट्याला आलं ते मांडीवर लिहिलेलं नसतं. आणि गंमत बघा, तब्येतीसाठी आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मुलगी तेच करून आली होती. तुम्ही तिला पोहे खाताना बघितलं. त्याआधी चालताना बघितलं नाही. त्या दिवसानंतर ती चालायला आली असेल का, याचा विचार अधूनमधून करा. तुमची स्वतःची मुलगी तर आलेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

कायद्याचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठापुढे उमरेडकडच्या एका रिसॉर्टवरच्या नाचाचं प्रकरण आलं होतं. आखूड स्कर्ट आणि हावभाव एवढ्यावरून त्याला अश्लील कृत्य म्हणून भादंविचं कलम २९४ लावता येत नाही, असं म्हणून कोर्टानं गुन्हा रद्द केला. त्या मानानं फिरायला आलेल्या पोरीची हाफपँट म्हणजे काहीच नाही. उलट रस्त्यावर एखाद्या बाईच्या अंगावरून घाणेरडं बोलणाऱ्या पुरुषांसाठी कलमं आहेत, पोलिसांचं दामिनी पथक आहे, ११२ नंबर आहे. तुमच्यासारख्या भल्या घरच्या काकूसाठी यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणूनच काकूचं बोलणं जास्त लागतं. टपोरी पोरगा बोलला तर मुलगी घरी येऊन आईला सांगू शकते. आईच्याच वयाच्या बाईनं बोललं तर ती कोणाला सांगणार?

आता अनारकली.

ताई, तुम्ही ते वाक्य पुराव्यासारखं लिहिलंय, की बघा, मी किती करते. मला ते उलटं दिसलं. गेली दिवाळी ते आत्ता, म्हणजे सात-आठ महिने, तुमच्या मुलीच्या कपाटात एक न बसणारा महागडा ड्रेस लटकतोय. ती रोज ऑफिसला जायला कपाट उघडते. तो रोज तिला तेच म्हणतो, जे तुम्ही त्या परक्या मुलीला एकदाच म्हणालात. तुम्ही 'मी तिला कधी टाकून बोलले नाही' म्हणता, आणि मला खात्री आहे की नसाल बोलला. पण घरात बोलायला तोंडच लागतं असं नाही. पोळीवर तूप वाढताना थांबलेला चमचा बोलतो. फोटो काढताना 'तू मागे उभी राहा' बोलतं. भिशीत मैत्रीण तुमच्या समोरच तिला 'थोडी सुटलीस गं' म्हणते आणि तुम्ही हसता, ते हसू बोलतं. त्या रविवारी गाड्यावर तुमच्या तोंडून जे निघालं, ते तिनं घरात आधीच ऐकलेलं होतं, फक्त शब्दांशिवाय. म्हणून ती म्हणाली, मला बोललीस. पोरगी शब्द जपून वापरते हो तुमची.

ते 'एक साइज कमी' प्रकरणही सांगते. एल, एक्सएल, डबल एक्सएल ही अक्षरं आपल्याला देवाची रेघ वाटतात. प्रत्यक्षात आपल्या बायकांच्या अंगाची मापं घेऊन ती ठरलेलीच नाहीत. बरेच ब्रँड परदेशी तक्त्यांवरून कपडे बेततात, एकाचा एल दुसऱ्याचा एक्सएल असतो. केंद्र सरकारला आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेला हे २०१८च्या सुमारास इतकं जाणवलं, की भारतीय मापांचा तक्ता करायला सहा शहरांत मिळून २५ हजार लोकांची मापं यंत्रानं घ्यायचं ठरलं. १५ ते ६५ वयाचे लोक, मुंबई-दिल्लीपासून शिलाँगपर्यंत. (नागपूर त्या सहांत नाही. आपण नेहमीप्रमाणे देशाच्या मध्यभागी आणि यादीच्या बाहेर.) तेव्हा ज्या अक्षरावरून तुमची लेक स्वतःला नापास समजते, तो पेपरच दुसऱ्या वर्गाचा आहे.

माझं एक सांगते, फक्त तुम्हाला एकटीला पकडल्यासारखं वाटू नये म्हणून. १९८४ साल असेल. मी कॉलेजात होते, महालात एका शिंप्याकडे पंजाबी ड्रेस शिवायला आईबरोबर गेले. मास्तर गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि मापं ओरडून सांगणार. 'छाती बेचाळीस!' कोपऱ्यातला पोऱ्या वहीत लिहिता लिहिता परत म्हणणार, 'बेचाळीस!' 'कंबर छत्तीस!' 'छत्तीस!' दुकानाच्या बाकावर आमच्या गल्लीतले दोघं आपले कपडे घ्यायला बसले होते. टेपचं टोक थंड पितळी होतं, ते मानेला लागलं ते मला आजही आठवतं. आई काउंटरवर हात ठेवून म्हणाली, 'मास्तर, सैलच शिवा जरा. दिसाले नको.' बस, एवढंच. त्यात रागही नव्हता. पुढची दहा-बारा वर्षं मी अंगात तंबू आणि वर ओढणी अशीच वावरले, भर उन्हाळ्यातसुद्धा. आईनं मला कधी जाड म्हटलं नाही. तिनं फक्त मास्तरला सांगितलं. ती गेल्यावर तिची जुनी पोलकी आवरताना बघितलं, प्रत्येकाच्या बाजूच्या शिवणी दोन-दोनदा उसवून सैल केलेल्या. तिला तिच्या सासरी कुणी काय ऐकवलं असेल, ते मला विचारायचं राहून गेलं. तुम्हालाही कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं असेल, की तुमचं अमुक दिसतंय. कुणी, ते बसून आठवा. मला कळवायची गरज नाही.

पूर्वी आपल्याकडे 'खात्यापित्या घरची', 'अंगापिंडानं भरलेली' हे कौतुकाचे शब्द होते, हेही जाता जाता. माझ्या आजीच्या तोंडी 'वाळली पोर' ही काळजी होती. तिच्या नातीच्या पिढीत तेच 'बारीक झालीस गं!' होऊन बक्षिसासारखं वाटलं जायला लागलं. पण म्हणून जुना काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. तेव्हा वाळक्या मुलींना ऐकावं लागायचं.

आता करायचं काय.

त्या गाड्यावरच्या मुलीला शोधायला जाऊ नका. मला माहीत आहे, पुष्कळ जण सांगतील, भेटली तर माफी मागा. माझं मत उलटं आहे. अनोळखी बाईनं येऊन 'त्या दिवशी मी तुझ्या मांड्यांबद्दल बोलले त्याबद्दल सॉरी' म्हणायचं, म्हणजे तिला तेच दुसऱ्यांदा ऐकवायचं, तेही पुन्हा लोकांत. तुमचं मन हलकं होईल, तिचं जड. पुन्हा कधी दिसली तर बाकावर सरकून जागा द्या, कांदा-लिंबाची ताटली तिच्याकडे सरकवा. ओळखेल किंवा नाही ओळखणार. तिची मर्जी.

मैत्रिणींचं मात्र बघावं लागेल. तुम्ही बोललात तेव्हा त्या हसल्या असतील. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कुणी बोलेल, कारण सवय तिघींची आहे, तुमची एकटीची नाही. तेव्हा तुम्ही हसू नका. भाषण नको, उपदेश नको. 'जाऊ दे ना वो, पोहे खाय' एवढं म्हटलं तरी चालतं.

मुलीशी बोलायचं आहे, तर लवकर बोला, आणि थोडक्यात बोला. 'मी चुकले. त्या मुलीला बोलायला नको होतं, आणि तुझ्यासाठी तो ड्रेस छोटा आणायला नको होता.' एवढं. पुढे 'पण' आला की सगळं पाण्यात. 'पण मी तुझ्या भल्यासाठी', 'पण जग काय म्हणतं', 'पण लग्नाचं वय', यातला एकही पण घशाखाली गिळता आला नाही, तर बोलणं चार दिवस पुढे ढकला. आणि दुसरं, 'तू कुठे जाड आहेस गं!' असं म्हणू नका. आयांना वाटतं यानं बरं वाटेल. तिच्याकडे आरसा आहे, तुम्हीच म्हणालात तसा. खोटं बोललात तर तिला एवढंच कळेल, की आईला हा शब्द इतका भयंकर वाटतो की ती तो लपवतेय.

ती लगेच फिरायला येईल असं धरून चालू नका. तुम्ही जात राहा. तिला रोज विचारू नका, रविवारी एकदा विचारा. कदाचित ती वेगळ्या वेळेला जाईल, कदाचित सेमिनरी हिल्सकडे, एकटी. जाऊ द्या. हाफपँट घालून गेली तर दारातून बघत उभं राहू नका. (बघाल तुम्ही. मला माहीत आहे. निदान खिडकीतून बघा.)

आणि तो अनारकली. आठ महिने झाले, दुकानदार आता बदलून देणार नाही. कुणाला तरी देऊन टाका असं मी म्हणणार होते, पण रंग तिला आवडला असेल, आणि पैसे तुमचे गेलेत. म्हणून आधी तिला विचारा, ठेवायचा की द्यायचा. देऊन टाक म्हणाली तर त्याच दिवशी घराबाहेर काढा. ठेवायचा म्हणाली तर लेबल काढून एखाद्या चांगल्या शिंप्याकडे न्या. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती आहे ते उलटं करून बघायला सांगा. रेडिमेडवाले माया कमीच ठेवतात, दोन्हीकडे मिळून इंचभर निघाली तरी नशीब. नाही निघाली तर काखेखाली कळी, म्हणजे कापडाचा तिकोनी तुकडा, घालता येते, अनारकलीत घेर असतोच, त्यामुळे उठून दिसत नाही. अस्तरही सोबत उसवावं लागतं, ते मास्तरला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो वरचं सैल करून आतलं तसंच ठेवतो.

माप घ्यायला तिला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर गाडीपाशी थांबा.